लान्चिया डेल्टा इंटिग्राले: रॅलीची गाडी नजरेनं वाचायला शिका

रॅलीकडे नव्यानं वळणारे बरेच जण विचारतात, एवढ्या गाड्यांमधून सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: लान्चिया या इटालियन कंपनीची डेल्टा. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅली अजिंक्यपदातला निर्मात्यांचा किताब या गाडीनं जिंकला. जागतिक दर्जाच्या ४६ रॅली तिच्या नावावर आहेत. पण नवख्या माणसासाठी तिची खरी गंमत वेगळी आहे. ही मुळात घरगुती वापराची, पाच दारांची, अरुंद गाडी. स्पर्धेत दर वर्षी तिच्यात काही ना काही मावेनासं होत गेलं आणि जे मावलं नाही ते बाहेर दिसायला लागलं. म्हणून डेल्टाची यंत्ररचना आणि तिचा स्पर्धेतला इतिहास दोन्ही तिच्या पत्र्यावरून वाचता येतात. माझ्या मते ही सोय इतकी स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच रॅलीगाडीत नाही.

तयारी फारशी लागत नाही. गाडीच्या चार आवृत्त्यांचे, समोरून आणि थोडे बाजूनं घेतलेले फोटो शोधून ठेवा: एचएफ फोर व्हील ड्राइव्ह, आठ व्हॉल्व्हची (म्हणजे इंजिनात आठ झडपा असलेली) इंटिग्राले, सोळा व्हॉल्व्हची इंटिग्राले आणि इव्होलुझिओने. बाकी एक मोकळी संध्याकाळ पुरे.

पहिली पायरी: रॅली म्हणजे काय ते पक्कं करा

सर्किटवरची शर्यत पाहायची सवय असलेला माणूस रॅलीत आधी चुकतो तो इथेच. रॅलीत गाड्या एकमेकींशेजारून धावत नाहीत. ठरावीक अंतरानं एकेक गाडी सुटते, बंद केलेल्या रस्त्याचा तुकडा, म्हणजे स्पेशल स्टेज, जमेल तितक्या वेगानं पार करते आणि सगळ्या स्टेजच्या वेळांची बेरीज होते. दोन स्टेजमधलं अंतर तीच गाडी साध्या वाहतुकीतून, नंबरप्लेट लावून, सिग्नल पाळत जाते. शेजारी नॅव्हिगेटर बसलेला असतो. रॅलीच्या आधी रस्त्याची रेकी करून दोघांनी लिहिलेल्या पेस नोट्स तो वाचत राहतो, आणि चालक वळण दिसायच्या आधीच त्या आवाजावर भरवसा ठेवून गाडी टाकतो. डेल्टाचा चालक मिकी बियाझिओन याचं नाव घेताना त्याचा नॅव्हिगेटर तित्सियानो सिव्हिएरो याचं नाव घेतलंच पाहिजे ते यासाठी.

गाडीच्या रचनेच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. एकाच मोसमात तीच गाडी माँटे कार्लोच्या घाटात बर्फावर, कॉर्सिकाच्या अरुंद डांबरावर, ग्रीसच्या दगडगोट्यांत, फिनलंडच्या उड्यांवर आणि केनियाच्या चिखलात चालवायची. टायर, सस्पेन्शन, गिअरचे दात बदलतात, पण सांगाडा तोच. एखाद्या रस्त्यावर अजिंक्य असणारी गाडी दुसऱ्यावर लंगडी पडते. किताब मिळतो तो सगळीकडे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या आत राहणाऱ्या गाडीला.

जमलं तर एकदा प्रत्यक्ष रॅली पाहा. नाशिकच्या परिसरात होणारी रॅली ऑफ महाराष्ट्र हा आपल्याकडच्या वाचकाला सोपा मार्ग. गाड्या वेगळ्या असतील, पण स्टेजच्या कडेला उभं राहून एक गाडी गेल्यावर दुसरीची वाट पाहण्यात जो अर्थ लागतो तो व्हिडिओत लागत नाही. आयोजकांनी आखून दिलेल्या जागेतच थांबा, वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही नाही.

दुसरी पायरी: १९८६ समजून घ्या

डेल्टा १९७९ मध्ये बाजारात आली. जॉर्जेत्तो जुजारोची रेखाटणी, कोनदार आणि नेटकी. १९८० चा युरोपातला वर्षातली सर्वोत्तम गाडी हा मान तिला मिळाला. तेव्हा ती पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी होती आणि रॅलीशी तिचा काही संबंध नव्हता.

त्या काळात रॅलीवर ग्रुप बी या वर्गातल्या गाड्यांचं राज्य होतं. नियम सैल होते: २०० गाड्या बनवल्या की झालं. लान्चियानं डेल्टा एस४ नावाची गाडी आणली. नाव आणि चेहरा डेल्टाचा, आतून मात्र नळ्यांचा सांगाडा, मधोमध बसवलेलं इंजिन, त्यात जादा हवा कोंबणारे सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही. १९८५ च्या, ब्रिटनमधल्या आरएसी रॅलीत, पहिल्याच स्पर्धेत, हेन्री तोइवोनेननं ती जिंकून दिली. पुढच्या वर्षी २ मे १९८६ रोजी कॉर्सिकात त्याची गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि पेटली. तोइवोनेन आणि त्याचा नॅव्हिगेटर सर्जिओ क्रेस्तो दोघंही गेले. त्याच मोसमात पोर्तुगालमध्ये एक गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक दगावले होते. ग्रुप बी बंद झाला आणि १९८७ पासून जागतिक किताब ग्रुप ए गाड्यांवर ठरू लागला.

ग्रुप ए चा कणा म्हणजे एक आकडा: ५,०००. बारा महिन्यांत तेवढ्या गाड्या तयार झाल्या, तरच ती स्पर्धेत उतरवता येणार. शिवाय बाहेरचा पत्रा, इंजिनचा मूळ ठोकळा, सस्पेन्शनची पद्धत, हे सगळं विक्रीच्या गाडीत असेल तसंच ठेवायचं. स्पर्धेसाठी रुंद मडगार्ड हवं? मग आधी ते गिऱ्हाइकाला विकायच्या हजारो गाड्यांवर लावा. डेल्टाची पुढची सगळी कथा या एका अटीतून निघते. ही पायरी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लान्चियाचं नशीब, किंवा दूरदृष्टी म्हणा, की छोटी गाडी, दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद हे तिन्ही असलेली डेल्टा एचएफ फोर व्हील ड्राइव्ह त्यांनी १९८६ मध्येच आणली. प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणाची ताकद कमी पडत होती, कुणाची गाडी फार लांब-जड होती, कुणाची दोनच चाकं ओढत होती.

तिसरी पायरी: चार फोटो शेजारी ठेवा

इथे वेळ काढा. लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

एचएफ फोर व्हील ड्राइव्ह पाहा. अंगाला चिकटलेली, रुंदीला सुमारे १६२ सेंटिमीटर. समोर चार गोल दिवे सोडले तर बाजारातल्या साध्या डेल्टापेक्षा फारशी वेगळी नाही. चाकांवरची मडगार्डं सपाट आहेत. आता विचार करा: मडगार्ड सपाट, म्हणजे चाक लहान. चाक लहान, म्हणजे त्याच्या आत बसणारी ब्रेक-डिस्कही लहान, आणि टायरही अरुंद. डांबरावर, जिथे ब्रेक आणि टायरची रुंदी यांवरच सगळं ठरतं, तिथे ही गाडी मार खाणार हे फोटोवरूनच सांगता येतं. १९८७ ची कॉर्सिका रॅली जिंकली ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यू एम३ नं. तरीही त्या वर्षीच्या १३ पैकी ९ रॅली या सपाट मडगार्डच्या डेल्टानं घेतल्या. तिच्याबद्दल लोक कमी बोलतात, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या तिन्ही गाड्यांचा पाया तिनं घातला.

दुसरा फोटो, आठ व्हॉल्व्हची इंटिग्राले. १९८८ च्या पोर्तुगाल रॅलीत ती पहिल्यांदा उतरली आणि बियाझिओननं ती जिंकली. मडगार्डं फुगली आहेत. रुंदी १७० सेंटिमीटरच्या घरात गेली. विक्रीच्या गाडीची चाकं १४ इंचांवरून १५ इंचांवर आली आणि मोठे ब्रेक आत बसले. बंपरमधली भोकं मोठी झाली, बॉनेटवर हवेच्या फटी आल्या, कारण टर्बो इंजिन त्या चिंचोळ्या खोलीत तापत होतं. रस्त्यावरच्या गाडीची ताकद १६५ वरून १८५ अश्वशक्तीवर गेली, पण माझं ऐकाल तर या आवृत्तीत इंजिनपेक्षा मडगार्ड महत्त्वाचं.

तिसऱ्या फोटोत बॉनेटकडे पाहा. मधोमध उंचवटा आहे. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन उंचीला जास्त, ते बॉनेटखाली मावेना, म्हणून पत्रा वर उचलला. १९८९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली. रस्त्यावरची ताकद २०० अश्वशक्ती. स्पर्धेत ती आली त्याच वर्षीच्या, इटलीतल्या सानरेमो रॅलीत, आणि तिथे संघाचा पुरस्कर्ता मार्टिनी याचे पट्टे नेहमीच्या पांढऱ्याऐवजी लाल गाडीवर होते. बियाझिओननं घरच्या रस्त्यांवर पहिल्याच फटक्यात ती जिंकली. लाल रंगातल्या डेल्टाचा फोटो दिसला तर तो बहुतेक त्याच रॅलीचा.

चौथी, इव्होलुझिओने. हिला पाहून पहिली तिन्ही विसरायला होतं. रुंदी १७७ सेंटिमीटर, मडगार्डं आता चिकटवल्यासारखी न दिसता अंगातूनच उभी राहिलेली, छताच्या मागच्या कडेला कोन बदलता येणारा स्पॉयलर, चाकाला चारऐवजी पाच नट. हे नट मोजायची सवय लावून घ्या. जुनी इंटिग्राले आणि इव्होलुझिओने यांतला फरक ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. न दिसणारा बदल त्याहून मोठा आहे. पुढच्या सस्पेन्शनची वरची टोकं जिथे बॉडीला बसतात त्या जागा उंच केल्या, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला जास्त अंतर मिळालं. खडबडीत रस्त्यावर हे अंतर म्हणजे वेळ. आणि त्या उंच केलेल्या जागा ताणानं हलू नयेत म्हणून बॉनेटखाली दोन्हींना जोडणारी आडवी पट्टी आली.

१६२, १७०, १७७. सहा वर्षांत साध्या गाडीनं पंधरा सेंटिमीटर अंग पसरलं, आणि त्यातला प्रत्येक सेंटिमीटर गिऱ्हाइकालाही विकावा लागला.

चौथी पायरी: ताकद चाकांपर्यंत कशी जाते

डेल्टाचं इंजिन आडवं बसलेलं आहे, गिअरबॉक्सही त्याच्याच शेजारी, आणि दोन्हींचं वजन पुढच्या चाकांच्या आसपास. त्यामुळे पुढच्या टायरांवर तिहेरी काम पडतं: वजन पेलायचं, वळायचं आणि ओढायचं. टायरची पकड एका कामात संपली की दुसऱ्याला उरत नाही. मग स्टिअरिंग वळवलं तरी गाडी नाकाच्या दिशेनं सरळ घसरत जाते. रॅलीतली माणसं याला अंडरस्टिअर म्हणतात आणि चालकांच्या तक्रारीत हा शब्द सतत येतो.

डेल्टातली मांडणी अशी. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मधल्या डिफरन्शियलकडे येते आणि ते तिचे दोन वाटे करतं. सुरुवातीच्या गाड्यांत पुढे ५६ टक्के, मागे ४४. मधल्या डिफरन्शियलला जोडून व्हिस्कस कपलिंग बसवलेलं असतं: बंद डब्यात जाड सिलिकॉन द्रव आणि त्यात एकाआड एक चकत्या, निम्म्या पुढच्या बाजूला जोडलेल्या, निम्म्या मागच्या. दोन्ही बाजू सारख्या वेगानं फिरतात तोवर द्रव शांत असतो. पुढची चाकं बर्फावर भिरभिरू लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, द्रव त्यांना ओढून धरतो आणि ताकद आपोआप पकड असलेल्या बाजूकडे वळते. सगळ्यात मागे टॉर्सन डिफरन्शियल. ते दातांच्या रचनेनंच काम करतं, द्रवाची वाट पाहत नाही, म्हणून लगेच प्रतिसाद देतं.

सोळा व्हॉल्व्हच्या आवृत्तीत हा वाटा उलटला: पुढे ४७, मागे ५३. आकडा छोटा वाटतो. पण पुढच्या टायरांवरचं ओढण्याचं ओझं कमी झालं, तेवढी पकड वळण्यासाठी मोकळी झाली आणि गाडीचं शेपूट चालकाच्या पायाचं ऐकायला लागलं. हे आकडे रस्त्यावरच्या गाडीचे आहेत. स्पर्धेत रस्ता पाहून मांडणी बदलली जाई.

पाचवी पायरी: इंजिन, थोडक्यात

१९९५ सीसी, चार सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट. हे इंजिन ज्या घराण्यातलं आहे त्याची मूळ रचना अउरेलिओ लाम्प्रेदीची. तो आधी फेरारीत होता, मग फियाटमध्ये आला; लान्चियाही पुढे त्याच फियाटची झाली. कंपनं मारण्यासाठी दोन उलट फिरणारे बॅलन्स शाफ्ट, गॅरेटचा टर्बो आणि हवा गार करायला इंटरकूलर. फियाटचा स्पर्धा विभाग असलेल्या आबार्थच्या तुरीनमधल्या कार्यशाळेत स्पर्धेची इंजिनं तयार होत.

टर्बोची त्या काळची खोड म्हणजे उशीर. ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोचा पंखा मंदावतो. पुन्हा दाबला तरी ताकद येईपर्यंत क्षण जातो. यावर चालकांचा उपाय म्हणजे डावा पाय. उजव्यानं ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून डाव्यानं ब्रेक मारायचा: पंखा फिरता राहतो, गाडीचं नाकही खाली बसतं आणि पुढच्या टायरांना पकड मिळते. आतल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मिळालं तर पायांकडे पाहा, हातांकडे नंतर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टर्बोत शिरणाऱ्या हवेवर रिस्ट्रिक्टरची, म्हणजे हवेची वाट अरुंद करणाऱ्या भागाची, सक्ती आली. त्यानंतर वरच्या टोकाच्या अश्वशक्तीपेक्षा ती किती लवकर हाती येते, यावर सगळ्या संघांची मेहनत वळली.

सहावी पायरी: या रॅली या क्रमानं पाहा

जुनं चित्रीकरण मुबलक आहे, पण कुठूनही उघडलं तर गोंधळ होतो. मी सुचवेन तो क्रम असा.

आधी माँटे कार्लो १९८७. ग्रुप ए चं नवं पर्व, पहिलीच रॅली. बियाझिओन पहिला, युहा कांककुनेन दुसरा, दोघंही डेल्टात. बर्फावर चार चाकांची ओढ म्हणजे काय ते इथे कळतं. त्या वर्षीचा चालकांचा किताब मात्र कांककुनेननं नेला.

मग सफारी १९८८, आणि इथे रेंगाळा. लान्चियानं फुल्विया, स्ट्रॅटॉस, ०३७ अशा पिढ्यान् पिढ्या गाड्या केनियात नेल्या होत्या आणि जिंकल्या नव्हत्या. सफारी तेव्हा हजारो किलोमीटरची, खुल्या रस्त्यांवरची, दिवसचे दिवस चालणारी. समोरून ट्रक येई, गुरं येत. म्हणून सफारीच्या गाड्या ओळखू येतात: पुढे जाड बुलबार, उंच केलेलं सस्पेन्शन, इंजिनला पाण्याच्या पातळीच्या वरून हवा देणारी नळी. तिथली ब्लॅक कॉटन म्हणून प्रसिद्ध असलेली माती म्हणजे आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला चांगली ठाऊक असलेली काळी माती. पाऊस पडला की ती चाकाला कशी धरते आणि उन्हात कशी भेगाळते, हे ज्यानं शेतरस्त्यावर पाहिलंय त्याला त्या रॅलीची दहशत सांगावी लागत नाही. बियाझिओन आणि सिव्हिएरोनं ती जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. १९८८ आणि १९८९ चे दोन्ही चालक-किताबही बियाझिओनचे. मला विचाराल तर डेल्टाचा सगळ्यात मोठा विजय हा, कारण वेगवान गाडी टिकाऊही आहे हे तिथे सिद्ध झालं.

त्यानंतर सानरेमो १९८९, लाल गाडीसाठी. शेवटी कॉर्सिका १९९२: दिदिए ओरिओल आणि इव्होलुझिओने. १९८७ ला ज्या बेटावर अरुंद डेल्टाला डांबरानं हरवलं, तिथे पाच वर्षांनी रुंद गाडी कशी वळते ते लागोपाठ पाहिलंत, तर तिसऱ्या पायरीतल्या सेंटिमीटरांचा हिशेब डोळ्यांसमोर उलगडतो.

सातवी पायरी: पराभवही वाचा

डेल्टाच्या चाहत्यांत एक खोट आहे; ते निर्मात्यांच्या सहा किताबांवर थांबतात. पण त्या सहा वर्षांतले चालकांचे किताब चारच: १९८७, १९८८, १९८९ आणि १९९१ (पुन्हा कांककुनेन). १९९० आणि १९९२ चे कार्लोस साइन्झनं टोयोटा सेलिकात बसून नेले. ओरिओलनं तर १९९२ मध्ये सहा रॅली जिंकल्या, तेव्हाचा तो एका मोसमातला विक्रम होता, आणि तरी शेवटी तो तिसरा राहिला. जिंकलेल्या रॅलींची संख्या आणि मोसमभराचे गुण यांतला फरक शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. साइन्झ जिंकत नव्हता तेव्हाही गुण गोळा करत होता.

१९९१ अखेर कारखान्यानं अधिकृत संघ मागे घेतला. १९९२ मध्ये जॉली क्लब या संघानं गाड्या चालवल्या आणि त्या वर्षीही ८ रॅली जिंकल्या. पण पुढची नवी गाडी येणार नव्हती. १९९३ ला स्वतः साइन्झ डेल्टात बसला, तरी तिला पुन्हा विजय मिळाला नाही. अंग पसरवायला आता जागाच उरली नव्हती, आणि टोयोटा, फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी पहिल्यापासून रॅली डोळ्यांसमोर ठेवून गाड्या काढत होते.

आठवी पायरी: प्रत्यक्ष गाडी पाहायची असेल तर

युरोपात राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या वाचकांनी तुरीन गाठावं. मिराफिओरी भागातल्या हेरिटेज हबमध्ये फियाट, लान्चिया आणि आबार्थच्या जुन्या गाड्या एकाच छताखाली आहेत. जाण्याआधी भेटीची वेळ आणि नोंदणी तपासून घ्या. गाडीसमोर उभं राहिल्यावर आधी खाली वाका: चाकाचे नट मोजा, डिस्क आणि रिममधलं अंतर पाहा. मग बॉनेटचा उंचवटा, मग मडगार्डची कड. रंग आणि पट्टे सगळ्यात शेवटी, कारण मार्टिनीचे पट्टे कुठल्याही डेल्टाला लावता येतात आणि जगभर लावलेलेही आहेत. स्पर्धेतली खरी गाडी म्हणून कुणी दाखवली तर तिच्या चॅसी क्रमांकाची आणि रॅलींच्या नोंदींची कागदपत्रं विचारा.

घरी बसून करायचं असेल तर लहान प्रतिकृतींचे संग्राहक हेच करतात. प्रतिकृती घेताना डब्यावरचं वर्ष आणि गाडीचं अंग जुळतंय का ते पाहा. १९८८ च्या गाडीच्या बॉनेटवर उंचवटा नसावा, १९९१ च्या सफारी गाडीला पाच नट नसावेत, कारण इव्होलुझिओने स्पर्धेत आली ती १९९२ च्या माँटे कार्लोला, आणि ओरिओलनं ती जिंकलीही. एवढं न बघता सांगता यायला लागलं की टोयोटा सेलिका जीटी-फोरचा फोटो घ्या आणि हेच प्रश्न तिला विचारा: इंजिन कुठे, हवा कुठून शिरते, चाकाला जागा किती.